दातांचं चक्र

मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली, तरी नाथाजी गुरुजी खुर्चीतून उठले नव्हते. अलीकडे असंच व्हायचं. सुट्टी झाली की पोरं उठून पळायची आणि गुरुजी बसून राहायचे. सुट्टी संपली की पोरं बसायची आणि गुरुजींना उठावं लागायचं. मेढ्याकडच्या डोंगरात शाळेसाठी घाट तुडवलेला हा माणूस. पण बदल्या होत होत इस्लामपूरच्या बाजूच्या ऊसपट्ट्यात आला आणि जिथं चढायला नावाला एक टेकडी नाही, तिथं त्याचे गुडघे थकले. येत्या उन्हाळ्यात नोकरी संपणार होती. दुष्काळ जाऊन वर्ष उलटलं होतं, रानं पुन्हा हिरवी झाली होती, पण गुरुजींच्या अंगातला शीण काही त्या पावसानं धुतला गेला नव्हता.

फळ्यावर मघाचा मासा तसाच होता. दरवर्षी भाद्रपदात पावसानं उघडीप दिली की सातवीच्या वर्गात गुरुजी हा मासा काढत. लांबट अंग, पाठीवर एक पर, कल्ल्यांच्या रेघा, उघडं तोंड, आणि तोंडात एकही दात नाही. दात शेजारी वेगळे काढायचे. घड्याळाच्या कमानीसारखं गुंडाळलेलं एक चक्र, आतल्या वेढ्यात बारीक आणि बाहेर येता येता मोठे होत गेलेले करवती दात. मग खडू खाली ठेवून विचारायचं, "हे चक्र या माशाला कुठं बसवायचं, सांगा बघू."

"नाकावर, गुरुजी!"

"शेपटीला! इंचवागत मारत आसंल."

"पाठीवर. म्हंजी वर कुणी बसाय नको!"

वर्ग खिदळला. गुरुजीही हसले, पण बसल्या बसल्याच.

"हसू नका रे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हेच सगळं करून पाहिलंय. कुणी नाकावर लावलं, कुणी पाठीवर, कुणी शेपटीला. आता बरेचजण म्हणतात, खालच्या जबड्यात असणार. पण अख्खा मासा कुणालाच मिळालेला नाही. हा शार्क. त्याच्या अंगात हाड नसतं. आपला कान वरच्या बाजूला चाचपून बघा, तसली कूर्चा असते. ती कुजून जाते. मासा सगळा जातो, दात तेवढे राहतात."

सगळा वर्ग कान चाचपू लागला. रंगू नावाची पोर कान सोडून म्हणाली, "पण गुरुजी, असलं वंगाळ अंग कशापायी झालं त्येचं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारायचंच. गुरुजी त्याचीच वाट बघत असायचे.

"कुणी ठरवून केलं नाही, रंगू. साध्या शार्कचे जुने दात झडतात आणि मागून नवे येतात. फार पूर्वी काहींचे जुने दात झडायचे राहिले असतील. नवे आले, जुने पुढं ढकलले गेले, खाली वळले, आत गुंडाळत गेले. त्यानं बिघडलं काहीच नाही. उलट मऊ अंगाचं भक्ष्य कापायला बरं पडलं असेल. म्हणून ते जगले, त्यांची पिलं जगली. असं थोडं थोडं करत लाखो वर्षं. शेवटी बघणाऱ्याला ते अजब दिसतं. ज्याचं त्याला साधंच असतं."

रंगूला ते पटलं की नाही, कळलं नाही. तेवढ्यात घंटा झाली.

खरं तर गुरुजींनी तो दात उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. साताऱ्यात रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकाचं सुटं पान मिळालं होतं, त्यावरचं हे चित्र. पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुना मासा, हेलिकोप्रियन. पानाच्या घड्या झिजून भोकं पडली होती. एवढ्या वर्षांत एकदा तरी तसला दगड हातात घ्यावा आणि पोरांच्या हातात द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. पण इथल्या काळ्या कातळात तो मिळायचा नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. हा सगळा लाव्हाचा दगड, त्यात मासा कुठला? तेव्हा ती इच्छा आता इतर इच्छांसारखीच मागं पडली होती.

"गुरुजी, हाय का येळ?"

दारात मनुबाई उभी होती. हातात जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. गुरुजी टेबलाला रेटा देऊन उठले.

"या आक्का. बसा."

मनुबाईचा मुलगा कृष्णात गुरुजींचाच विद्यार्थी. फौजेत गेला आणि उत्तरेकडच्या डोंगरात एका हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला, त्याखाली गाडला गेला. तार आली, मागून त्याची पेटी आली. तो स्वतः आला नाही. मनुबाईचा नवरा आधीच गेलेला. रान दीर हंबीरराव कसत होता आणि मनुबाई आपली वेगळी चूल मांडून राहत होती.

तिनं धडपा टेबलावर सोडला. आत दोन तुकडे झालेला एक करडा दगड होता.

"माझा शाळिग्राम फुटला," ती म्हणाली. "घट बसायचं आलं म्हणून देव घासाय काढलं. चिंच लावली, राख लावली. सगळं वंगण निघालं, आन हातातनं निसटला न्हवं! पाटाच्या कडंवर आपटला."

हा शाळिग्राम गावाला माहीत होता. कृष्णातनं शेवटच्या रजेत आणलेला. 'आई, तुला देव आणलाय, बघ, चक्र हाय अंगावर,' म्हणाला होता म्हणे. गुरुजींनी तो देवघरात लांबून पाहिला होता, गंधाच्या आणि हळदीकुंकवाच्या जाड थराखाली. त्या थरातून एक वेढा तेवढा दिसायचा.

"दीर म्हणत्यात, खंडित देव घरात ठिवून घट बसवू नगंस. म्हणून इस्लामपुराला भटजीकडं गेलते. ते म्हणलं, शाळिग्राम आसंल तर फुटला तरी चालतोय, पूजंत ऱ्हाऊ द्या. पर दुसरं कायबी आसंल तर ती मूर्तच धरायची. भंगली म्हंजी नदीत सोडायची. आन वर म्हणत्यात, बाईमाणसानं शाळिग्रामाला हात लावू न्हाई." मनुबाईनं पदर सावरला. "मी म्हणलं, मग रोज सकाळी त्येला आंघुळ घालाय तुमी येनार का एस्टीनं?"

गुरुजी हसले.

"मग म्हणलं, दगडातलं तुमास्नी कळतंय. तुमी सांगा. शाळिग्राम हाय का न्हाई?"

गुरुजींनी एक तुकडा उचलून खिडकीशी नेला. चिंचेनं आणि राखेनं गंधाचे थर पार निघाले होते. कडेला, जिथं शाळिग्रामातल्या शंखासारख्या शिंपल्यावर नुसत्या वळ्या असतात, तिथं तिकोनी दात होते. एकाला एक लागून, प्रत्येकाच्या धारेवर बारीक करवत. त्यांनी दुसरा तुकडा शेजारी लावला. वेढा जुळला. मधोमध तांदळाच्या कणीएवढे दात, बाहेर येता येता नखाएवढे, मग अंगठ्याएवढे.

दोन्ही हातांनी त्यांनी ते तुकडे गच्च आवळून धरले. फळ्यावर त्यांनीच काढलेलं चक्र होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हाताकडे पाहिलं.

"काय, गुरुजी?"

"आक्का, उद्या सांगितलं तर चालेल? नीट बघतो आणि सांगतो."

"बघा. सर्वपित्री आवशीला चार दिस हायती," मनुबाई म्हणाली आणि उठली. जाताना दारातून तिनं एकदा वळून पाहिलं, दगडाकडे की गुरुजींच्या हातांकडे, ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी घरी गुरुजींची बायको राहीबाई विळीवर बसून नारळ खोवत होत्या. गुरुजी समोर पाटावर बसले होते, मांडीवर धडपा. विळीच्या टोकाचं ते गोल दातेरी फूल, त्यावर फिरणारी वाटी, खाली पडणारा पांढरा कीस. गुरुजी एकटक बघत होते.

"आता माझ्या विळीवर डोळा का?" राहीबाई म्हणाल्या.

"तसंच असेल बघ. खालच्या जबड्यात मधोमध ही अशी खोवणी. वर दात नाहीत, नुसती टाळू. भक्ष्य वरून दाबलं की कापलं."

"मी हिच्यावर पाय ठिवून बसते म्हणून ही जाग्यावर ऱ्हाते. त्या माशाच्या विळीवर कोण बसत हुतं?"

"जबडाच धरून ठेवत असेल."

"ठेवत आसंल, कापत आसंल. तुमी सगळं 'आसंल' सांगता, आन पोरं घरला येऊन 'हाय' सांगत्यात." राहीबाईंनी करवंटी बाजूला ठेवली. "मूळ मुद्द्याचं बोला. मनुबाईला काय सांगणार?"

तेच तर गुरुजींना उमगत नव्हतं. शाळिग्राम आहे म्हणून सांगितलं, तर दगड पुन्हा देवघरात जाईल, गंधाखाली झाकला जाईल, आणि मनुबाईचं सुखानं चालू राहील. पण ते खोटं होतं. खरं सांगितलं, तर तिच्या पोरानं दिलेला देव एका माशाचा जबडा ठरेल. एवढी वर्षं उपास करून जिला ती आंघोळ घालत आली, ती वस्तू. आणि मग कदाचित ती म्हणेल, ठेवा तुम्हीच. सांगलीच्या कॉलेजात दगडांची जाणकार माणसं होती. ती बघतील, पुण्याला कळवतील. त्याआधी सातवीच्या पोरांच्या हातात देता येईल. नोकरीच्या शेवटच्या वर्षात.

खरं बोलण्यात आपला एवढा फायदा आहे, हे ध्यानात आलं आणि त्या खऱ्याचीच त्यांना लाज वाटायला लागली.

"सांगून टाकतो, शाळिग्राम आहे म्हणून," ते म्हणाले.

"तुमाला न्हाई जमायचं. तुमचं तोंड म्हंजी फळा हाय. सगळं लिवलेलं दिसतंय."

गुरुजींनी तेलाची वाटी ओढली. गुडघ्याला तेल चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मनुबाईच्या घरी गेले. देवघरात बाकीचे देव घासूनपुसून मांडलेले होते. मधली एक जागा रिकामी होती. मनुबाईनं घोंगडं टाकलं, पाणी दिलं आणि समोर बसली.

गुरुजींनी वर्गात सांगतात तसंच सांगितलं, कारण दुसऱ्या तऱ्हेनं सांगणं त्यांना येतच नव्हतं. जिथं आज डोंगर आहेत तिथं समुद्र होता. त्यात हा मासा होता. तो मेला, तळाच्या गाळात गेला, गाळाचा दगड झाला, दगड वर उचलला गेला आणि त्याचा डोंगर झाला. दोन तुकडे जुळवून त्यांनी बोट फिरवलं. "हे मधले दात त्याच्या लहानपणचे. हा बाहेरचा, सगळ्यात मोठा, तो शेवटचा. यानं एकही दात टाकला नाही. सगळं वय असं पोटात गुंडाळून ठेवलं."

मनुबाई ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आन हे तोंडात कुठं हुतं?"

"ते अजून कुणाला पक्कं माहीत नाही."

"येवढी शिकली-सवरलेली माणसं, आन दात कुठं आसत्यात ते ठावं न्हाई?" तिला हसू आलं. मग तिनं हात पुढं केला आणि मोठ्या दातावर बोट टेकवलं.

"म्हंजी ह्यो दगड न्हवंच."

"दगडच झालाय आता. पण होते दात."

"म्हंजी हाडंच म्हणा की."

"हाडासारखंच. राहतं ते तेवढंच."

चुलीपाशी मांजर आलं, ते तिनं हाकललं नाही.

"तिथलंच न्हवं हे? कृष्णात हुता त्या डोंगरातलं?"

"तिथलंच. त्याशिवाय त्याला कुठून मिळणार?"

"गुरुजी, त्येची रक्षा सावडली न्हाई आमी." तिचा आवाज चढला नाही. रोजचं काही सांगावं तसं ती सांगत होती. "सावडाय कायच न्हवतं. पेटी आली, त्यात सदरा आन पत्रं. लोक म्हणलं, पळसाच्या पानाचा पुतळा करा, त्यो जाळा, त्येची राख सोडा. मी म्हणलं, पानाचा ल्योक मी जाळायची न्हाई. दीर लय चिडलं हुतं. तवापासनं दर म्हाळाला जेवाण घालते, पर नदीत कायबी सोडलं न्हाई. काय सोडू?"

गुरुजींना ती कुठं चालली आहे ते कळलं.

"ह्ये मी संगमावर सोडते," मनुबाई म्हणाली. "हरिपूरला. आवशीला."

"आक्का, हा मासा आहे."

"ठावं हाय की. तुमीच सांगितलं न्हवं आत्ता?"

"म्हणजे... हा कृष्णातचा काही..."

"मी कुठं म्हणते त्येचा हाय म्हणून? त्येच्या शेजारचा हाय. बर्फात, त्याच डोंगरात, त्येच्यासंगं. त्येनं स्वताच्या हातानं काढला आन माझ्या हातात दिला." ती थांबली. "आन भटजी काय म्हणलं? शाळिग्राम न्हाई आन भंगला, तर नदीत."

आता काही बोलायचं राहिलं नव्हतं. तरी गुरुजी बोलले, कारण न बोलणं हेही खोटंच झालं असतं.

"आक्का, मला तो शाळेसाठी हवा होता."

"ठावं हाय. काल दगड धरताना तुमचं हात बघितलं मी." मनुबाईनं धडपा त्यांच्याकडे सरकवला. "पोरास्नी दावा. हाताळू देत. आवशीच्या सकाळी मला द्या. आन संगं या. मला एकटीला हरिपूर व्हायचं न्हाई."

पोरांनी दगड हाताळला. कुणी वास घेतला, कुणी करवतीवर अंगठा ओढून बघितला आणि रक्त आलं नाही म्हणून हळहळलं. रंगूनं मधल्या कणीएवढ्या दाताला कान लावला. काय ऐकतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, समुद्र. गुरुजींनी शाडू मळून दोन्ही अंगांचे ठसे घेतले आणि सावलीत वाळत ठेवले. कुणीतरी लवकर वाळावेत म्हणून ते उन्हात नेले. संध्याकाळी ठशांना मधोमध तडा गेला होता, दगड फुटला होता जवळजवळ तिथंच. पोरांनी माना खाली घातल्या. रागवायला गुरुजींकडे बळ नव्हतं, आणि रागही आला नव्हता.

सांगलीच्या कॉलेजात आधी जावं, दाखवून आणावं, असं त्या दिवसांत त्यांच्या मनात येऊन गेलं. एकदा तर ते एस्टीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. पण तिथली माणसं बघतील, ठेवून घेऊ म्हणतील, आणि मग आपल्या तोंडून 'नाही' निघायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एस्टी आली, थांबली आणि गेली. ते घरी परतले.

सर्वपित्री अमावास्येला सकाळच्या एस्टीनं दोघं सांगलीला उतरली. तिथून हरिपूरला टांगा केला. पेठेतून जाताना हळदीचा आणि गुळाचा वास अंगाला चिकटत होता. मनुबाई मांडीवरच्या धडप्यावर हात ठेवून बसली होती. टांगेवाल्यानं विचारलं, "कुणाचं हाय?" ती म्हणाली, "ल्येकाचं." त्यानं पुढं विचारलं नाही, घोड्याला नुसतं चुचकारलं.

संगमावर वारणेचं पाणी गढूळ होतं. कृष्णेचं जरा निवळत चाललेलं. पायऱ्यांवर लोक होते, पिंड होते, कावळ्यांची कावकाव होती. गुरुजी एकेक पायरी बेतानं उतरले. मनुबाई घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तिनं धडपा सोडला.

"ल्हानपणचं कुठलं म्हणलात?"

गुरुजींनी दाखवलं.

तिनं मोठ्या दातांचा तुकडा आधी सोडला. तो डुबकन गेला. मग दुसरा तिनं तळहातावर घेतला, कणीएवढ्या दातांवरून अंगठा फिरवला. गुरुजींनी न राहवून हात थोडा पुढं केला होता. तिनं ते पाहिलं. मग त्यांच्याच हातात तुकडा ठेवला.

"तुमी सोडा. ल्हानपणी तुमच्याच हाताखाली हुता."

तो तुकडा गार होता आणि आकाराच्या मानानं जड. एवढी वर्षं चित्रात बघितलेलं ते गुरुजींच्या हातात होतं, आणि मूठ मिटायला कुणाची ना नव्हती. मनुबाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती पाण्याकडे बघत होती.

गुरुजी वाकले. गुडघा दुखला. त्यांनी हात पाण्यात बुडवला आणि बोटं सोडली.

दोघं वरच्या पायरीवर येऊन बसली. अंगावर ऊन आलं होतं. मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरं इचारतील, कुठं गेलं म्हणून."

"सांगेन, संगमात आहे."

"मग यितील की हुडकाया."

"येऊ देत."

"घावंल?"

"नाही. गाळ बसेल वर."

मनुबाई विचार करत राहिली. "मग पुन्यांदा कवातरी डोंगर हुईल आन कुणाच्यातरी पोराला घावंल."

"होईल. वेळ लागेल."

"लागू द्या," ती म्हणाली. रिकामा धडपा तिनं पिळला, झटकला, घडी घालून कमरेला खोचला. "उठा गुरुजी, एस्टी चुकंल."

गुरुजींनी एक हात पायरीवर टेकला, दुसरा तिनं धरला, आणि ते उठले.